धार, वाघिणी आणि घड्याळ



२०१६ सालचा एप्रिल महिना तुमच्या घरातील मोठ्या माणसांना नक्की आठवत असेल. लातूर शहराचे पाणी संपले होते, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आले. 'जलदूत' नावाच्या त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडीही धावली. आमच्या लोह्याकडच्या माणसांना टँकरचे नवल नाही. पण आगगाडीने पाणी येते हे आम्हीसुद्धा तेव्हाच पाहिले.

त्या गाडीकडे आज थोडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू. मिरजेला पंपातून पाण्याची अखंड धार पडते. धार काही रुळावरून नेता येत नाही. म्हणून ती वाघिणींत भरायची, म्हणजे तिचे तुकडे करायचे. तुकडे रुळावरून लातूरला येतात, तिथे टाकीत रिकामे होतात आणि टाकीच्या तोटीतून पुन्हा धार सुरू होते. धार, मग वाघिणी, मग पुन्हा धार. तोटीखाली घागर धरणाऱ्या बाईला पाणी वाघिणींतून आले की नळाने आले हे कळायचेही कारण नाही. तिला धार दिसते, तेवढे पुरे.

आता पाण्याच्या जागी दूरध्वनीवरचा आवाज ठेवा आणि रुळांच्या जागी संदेशवहनाचे जाळे ठेवा. एटीएम नावाच्या जाळ्यांनी नेमके हेच काम केले. हे एटीएम बँकेच्या पैशाच्या यंत्राचे नव्हे. 'एसिंक्रोनस ट्रान्स्फर मोड', म्हणजे असमकालिक वहनपद्धती, ह्या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ठरावीक दराने वाहणारी बिटांची धार ह्या जाळ्यातून कशी नेत, हे मी तुम्हांला सांगणार आहे. पण ते सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. 'जाळे पुरेसे वेगवान झाले की सगळे प्रश्न सुटतात' असे हल्ली सर्रास म्हटले जाते. माझ्या मते हे विधान निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे आपण शिकवत नाही, आणि ते न शिकवण्याची किंमत मोठी असू शकते. कसे ते पाहा.

आवाजाची धार

दूरध्वनीत आपला आवाज अंकांत बदलतात तेव्हा त्याचे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा घेतले जाते. प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. म्हणून एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दर १२५ मायक्रोसेकंदांना एक बाइट. ना आधी, ना नंतर. अशी ३० संभाषणे एकत्र विणतात, त्यांत जुळणी व इशारे यांसाठी आणखी दोन खाने घालतात, आणि ३२ खान्यांची एक जुडी तयार होते. तिचा दर सेकंदाला २०,४८,००० बिट. युरोपात आणि भारतात दूरध्वनी केंद्रे एकमेकांना जोडण्यासाठी हीच जुडी रूढ झाली. तिला ई-वन असे म्हणतात.

जुन्या पद्धतीत अशा जुडीसाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट राखून ठेवलेली असे. हिला मंडल किंवा सर्किट म्हणतात. मंडलात एक बिट गेला की ठरावीक वेळाने पुढचा जाणारच. तुम्ही बोला अगर गप्प बसा, वाट तुमचीच. त्यात नासाडी होती हे खरे. पण एक मोठा गुणही होता. नियमितपणा तारेबरोबरच मिळत होता. तो वेगळा मागावा लागत नव्हता, त्यामुळे तो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हते.

सेलच्या वाघिणी

१९८० नंतरच्या दशकात अभियंत्यांच्या मनात आले की आवाज, चित्रे आणि संगणकांचा मजकूर ह्या सर्वांना एकच जाळे का असू नये? सगळ्यांचे सारख्या आकाराचे तुकडे करावेत आणि एकाच वाटेने पाठवावेत. ह्या तुकड्याला सेल हे नाव मिळाले. सेल ५३ बाइटांचा असतो. पहिले ५ बाइट म्हणजे वाघिणीवरची चिठ्ठी, कोणत्या मार्गाने जायचे ते सांगणारी. उरलेले ४८ बाइट मालाचे.

४८ हा आकडा तुम्हांला विचित्र वाटेल. त्यामागे एक गमतीदार हकीकत आहे. अमेरिकेचा आग्रह ६४ बाइटांचा होता, युरोपचा ३२ चा. एका संभाषणाचे ६४ बाइट गोळा व्हायला ८ मिलिसेकंद लागतात, ३२ गोळा व्हायला ४. वाघीण भरेपर्यंत गाडी हलत नाही, म्हणजे तेवढा उशीर बोलण्याला होणारच. उशीर वाढला की आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी कानाला त्रास देऊ लागतो आणि तो मारण्यासाठी वेगळी यंत्रे बसवावी लागतात. अमेरिकेसारख्या लांबलचक देशात ती यंत्रे होतीच. लहान देशांना तो खर्च टाळायचा होता. शेवटी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली. मोठ्या शास्त्रीय मानकांतसुद्धा असा तडजोडीचा आकडा सापडतो, हेही ध्यानात ठेवा.

पण मुळात वाघिणी इतक्या लहान आणि सारख्या कशासाठी? फाटकाशी मालगाडी आडवी आली की तुमची सायकल थांबते. किती वेळ? मालगाडीच्या लांबीइतका. सेकंदाला २०,४८,००० बिट नेणाऱ्या तारेवर १,५०० बाइटांचा लांब तुकडा पुढे गेला, तर त्याच्या मागे अडकलेल्या आवाजाला जवळजवळ ५.९ मिलिसेकंद थांबावे लागते. पुढे फक्त ५३ बाइटांचा सेल असेल तर हाच काळ सुमारे ०.२ मिलिसेकंद येतो. हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा: बाइटांना ८ ने गुणा आणि तारेच्या दराने भागा.

स्थिर दराची धार नेताना मालाच्या ४८ बाइटांपैकी आणखी एक बाइट हिशेबासाठी राखतात. तो कशाला, ते पुढे येईल. म्हणजे खरा माल ४७ बाइट, अर्थात ३७६ बिट. २०,४८,००० ला ३७६ ने भागले की उत्तर येते सुमारे ५,४४७. आपल्या जुडीला सेकंदाला इतक्या वाघिणी लागतात. प्रत्येक वाघीण ५३ बाइटांची असल्यामुळे जाळ्यावर भार पडतो सेकंदाला सुमारे २३,०९,००० बिटांचा. २०.४८ लाखांची धार नेण्यासाठी २३.०९ लाखांची वाट लागली. जवळजवळ १३ टक्के अधिक.

हे सेल दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतच राहिले असे समजू नका. २००५ मध्ये बीएसएनएलने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. त्या वेळी मोडेमच्या मांडणीत ० आणि ३५ असे दोन आकडे भरावे लागत. घरातल्या दादाने किंवा काकांनी ते भरले असतील. ते आकडे म्हणजे सेलच्या चिठ्ठीवरचे मार्गाचे आणि वाहिनीचे क्रमांक. तारेतून सेलच धावत होते. फक्त तिथे स्थिर दराचे वचन नव्हते, आणि बातमी वाचायला किंवा चित्र उतरवून घ्यायला त्याची गरजही नव्हती.

टाकी काय करते

वाघिणी एका टोकाहून सारख्या अंतराने सुटतात. पण वाटेत प्रत्येक नाक्यावर इतरांच्याही वाघिणी असतात. कुणी क्षणभर थांबते, कुणी लगेच सुटते. त्यामुळे दुसऱ्या टोकाला त्या गटागटाने येतात. माळेगावच्या यात्रेत एसटीच्या गाड्यांचे हेच होते. स्थानकातून दर दहा मिनिटांनी सुटलेल्या गाड्या यात्रेत पोचतात तेव्हा अर्धा तास एकही नाही, आणि मग पाठोपाठ तीन!

ह्यावर उपाय टाकीचा. संदेशवहनातल्या टाकीला बफर म्हणतात. समजा, सर्वांत लवकर येणारा सेल २ मिलिसेकंदांत पोचतो आणि सर्वांत रेंगाळणारा ५ मिलिसेकंदांत. मग लवकर आलेल्याला टाकीत ३ मिलिसेकंद बसवून ठेवायचे. सर्वांना ५ मिलिसेकंदांचाच उशीर झाला की बाहेर पडणारी धार पुन्हा एकसारखी होते. म्हणजे जो सर्वांत उशिरा येतो त्याच्याइतका उशीर सगळ्यांनी सोसायचा. नियमितपणा मिळतो, पण त्याची किंमत वेळाने चुकवावी लागते.

आणखी एक बारकावा पाहा. पाण्याची एक वाघीण वाटेत हरवली तर टाकीत पाणी कमी भरेल, एवढेच. पाण्याचे थेंब मोजलेले नसतात आणि कोणता थेंब आधी ह्याला अर्थ नसतो. बिटांचे तसे नाही. एक सेल गळाला आणि मागचे पुढे सरकले, तर पहिल्या संभाषणाचे बिट दुसऱ्याच्या खान्यात पडतील आणि सगळी जुडी बिघडेल. म्हणून तो राखलेला एक बाइट. त्यात ० ते ७ असा फिरता क्रमांक असतो. ३ नंतर एकदम ५ आला की ४ गळाला हे कळते. मग त्याच्या जागी ४७ बाइट खोटा माल भरतात. क्षणभर खरखर ऐकू येते, पण मोजणी चुकत नाही. चुकीचा माल चालेल, चुकलेली मोजणी चालणार नाही.

टाकी जे करू शकत नाही

आता खरा प्रश्न. टाकीची तोटी किती उघडायची?

तुम्ही म्हणाल, त्यात काय? मिरजेला जितक्या दराने पाणी भरले तितक्याच दराने लातूरला सोडायचे. बरोबर. पण तो दर दुसऱ्या टोकाला कोण सांगणार? दोन्ही ठिकाणी 'सेकंदाला २०,४८,००० बिट' असेच लिहिलेले असते. परंतु दोन्हीकडची घड्याळे वेगळी आहेत, आणि जगातली कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. ई-वन जुडीच्या घड्याळाला दहा लाखांत ५० इतकी चूक माफ आहे. भिंतीवरचे घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे किंवा मागे जावे, साधारण तेवढी ही चूक. आपल्याला ती क्षुल्लक वाटते.

पण हिशेब करा. २०,४८,००० चे दहा लाखांत ५० म्हणजे सेकंदाला सुमारे १०२ बिट. पाठवणाऱ्याचे घड्याळ इतके पुढे आणि घेणाऱ्याचे अगदी अचूक असेल, तर टाकीत दर सेकंदाला १०२ बिट साचत जातात. ३२ खान्यांची एक पूर्ण फेरी २५६ बिटांची. म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक फेरी जादा! टाकीत आणखी १,०२४ बिट मावण्याइतकी जागा असेल तर ती दहा सेकंदांत भरून वाहू लागेल.

मग टाकी मोठी करू या? शंभरपट मोठी करा. आता दहा सेकंदांऐवजी हजार सेकंद, म्हणजे सुमारे सतरा मिनिटे मिळतील. त्यानंतर पुन्हा तेच. शिवाय एवढ्या मोठ्या टाकीत थांबण्याचा उशीरही वाढला. टाकी वाढवून संकट पुढे ढकलता येते, टाळता येत नाही.

आणि आता ह्या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात जाळ्याचा वेग कुठे आला? कुठेच नाही. सेल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचले, तरी सेकंदाला १०२ बिट साचायचे ते साचणारच. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले की ते विधान निम्मेच खरे आहे. रांगेत थांबण्याचा प्रश्न वेगाने सुटतो. घड्याळाचा प्रश्न वेगाने सुटत नाही.

दोन युक्त्या

अभियंत्यांनी ह्यावर दोन युक्त्या काढल्या. पहिली आपल्याकडच्या पाणी सोडणाऱ्या कोणालाही सुचेल अशी आहे. टाकीच्या पातळीवर नजर ठेवायची. पातळी चढू लागली की तोटी थोडी अधिक उघडायची, उतरू लागली की थोडी आवळायची. लगेच घाई मात्र करायची नाही. कारण पातळी उतरली ती तोटी जास्त उघडल्यामुळे, की नुसती एक वाघीण उशिरा आल्यामुळे, हे क्षणात कळत नाही. बराच वेळ सरासरी पाहावी लागते. जाळे वेगवान असले की वाघिणी वेळेवर येतात आणि हा अंदाज सोपा होतो, हे मान्य. तरीही तो अंदाजच.

दुसरी युक्ती फार सुंदर आहे. ती अमेरिकेतील बेलकोर ह्या संशोधन संस्थेत आखली गेली. दोन्ही टोकांना जाळ्याचे एक सामाईक घड्याळ ऐकू येत असेल, तर पाठवणाऱ्याने एवढेच करायचे: आपले ३,००८ बिट, म्हणजे आठ सेलांचा माल, जाईपर्यंत त्या सामाईक घड्याळाचे ठोके किती पडले ते मोजायचे. ई-वनसाठी ते ठोके सेकंदाला २४,३०,००० असतात. पाठवणाऱ्याचे घड्याळ अगदी बरोबर असेल तर उत्तर येते ३,५६९ आणि एक सोळांश. पण ठोका अर्धामुर्धा मोजता येत नाही. म्हणून बहुतेक वेळा मोजणी ३,५६९ येते आणि सोळांतून एकदा ३,५७०.

आपल्या पंचांगातला अधिक मास आठवला का? सौर वर्षात चांद्रमास पूर्ण बारा बसत नाहीत, बाराहून थोडे जास्त बसतात. म्हणून अधूनमधून तेरावा महिना येतो. १९ वर्षांत साधारण ७ वेळा. ज्याला चंद्राचे गणित ठाऊक नाही त्यानेही नुसते अधिक मास मोजले, तरी वर्षात बारा पूर्णांक सात एकोणिसांश महिने बसतात हे त्याला काढता येईल. इथेही तसेच. पाठवणाऱ्याचे घड्याळ दहा लाखांत ५० ने मागे पडले, तर ३,५७० ही मोजणी शंभरांत सहा वेळा येण्याऐवजी सुमारे चोवीस वेळा येऊ लागते. घेणारा ते पाहून आपली तोटी नेमकी तितकीच आवळतो.

बरे, ३,५६९ हा पूर्ण आकडा पाठवायचीही गरज नाही. घेणाऱ्याला तो ढोबळमानाने ठाऊकच असतो. 'किती वाजले?' ह्याला आपण कधी कधी नुसते 'वीस मिनिटे झाली' म्हणतो. तास ऐकणाऱ्याला माहीत असतो. तसे इथे आकड्याला १६ ने भागून उरणारी बाकी तेवढी पाठवतात. ३,५६९ ची बाकी १, आणि ३,५७० ची २. त्यासाठी ४ बिट पुरतात, आणि ते त्याच राखीव बाइटांतून जातात. आठ सेलांमागे फक्त चार बिट खर्चून एका टोकाचे घड्याळ दुसऱ्या टोकाला पोचते!

मग अडते कुठे?

एखादा चिकित्सक विद्यार्थी आता मला अडवील. 'सर, आम्ही रोज मोबाइलवर बोलतो. आवाज इंटरनेटसारखाच तुकड्यांतून जातो. कधी तुटतो, "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणावे लागते, पण काम चालते की! मग एवढा नियमितपणा कोणाला हवा?'

प्रश्न रास्त आहे. तुमच्या मोबाइलमध्येही टाकी असते. ती भरू लागली की दोन शब्दांमधली शांतता किंचित कापतात, रिकामी होऊ लागली की ताणतात. कान हे खपवून घेतो. बहुतेक लोकांचा अनुभव एवढाच असल्यामुळे प्रश्न संपला असे वाटते. पण सगळे ग्राहक कानासारखे क्षमाशील नसतात.

वीज नेणाऱ्या उच्चदाब वाहिनीचे उदाहरण घ्या. किरचॉफचा नियम तुम्ही शिकलात किंवा पुढे शिकाल: जितका प्रवाह आत जातो तितकाच बाहेर पडतो. वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत हाच नियम पहारेकरी म्हणून बसवतात. दोन्हीकडचा प्रवाह मोजायचा, मापे एकमेकांना पाठवायची आणि वजाबाकी करायची. उत्तर शून्याच्या जवळ असेल तर वाहिनी ठीक. फरक मोठा आला तर मधे कुठे तरी तार तुटली, झाड पडले. वाहिनी ताबडतोब तोडायची.

पण मापे एकाच क्षणाची हवीत. आपली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून पूर्ववत होते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंशांची चूक. दोन्हीकडे १०० अँपिअर प्रवाह असून मापांत १८ अंशांचा फरक पडला, तर वजाबाकी शून्य येत नाही, ३१ अँपिअर येते! वाहिनी धडधाकट असून पहारेकऱ्याला त्यात बिघाड दिसतो.

ही चूक येते कशी? पहारेकरी जाण्यायेण्याचा मिळून वेळ मोजतो आणि त्याचे निम्मे करतो. जाताना ४ आणि येताना ४ मिलिसेकंद लागत असतील तर ठीक. पण जाताना ३ आणि येताना ५ लागले, तर तो धरतो ४, आणि एक मिलिसेकंदाने फसतो. मंडलात दोन्ही वाटा सारख्या असत, त्यामुळे हा धोका दिसत नव्हता. वाघिणींच्या जाळ्यात तो सारखेपणा मुद्दाम राखावा लागतो. त्याऐवजी दोन्ही टोकांना उपग्रहावरून मिळणारी वेळही देता येते. पण तोही घड्याळाचाच उपाय झाला, वेगाचा नव्हे. आणि अशी वाहिनी भलत्या वेळी तुटली तर अंधार होतो तो दवाखान्यात, पाणीपुरवठ्याच्या पंपावर आणि तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर.

आता दुसरा आक्षेप: एटीएम तर मागे पडले, मग हे जुने पुराण कशाला? तोही आक्षेप प्रामाणिकपणे पाहू. ते मागे पडले ह्याला सबळ कारणे होती. पाच बाइटांच्या चिठ्ठीचा कर प्रत्येक सेलमागे द्यावा लागे. यंत्रणा गुंतागुंतीची आणि महाग होती. शिवाय तारांचा वेग इतका वाढला की सेकंदाला अब्ज बिटांच्या तारेवर १,५०० बाइटांची मालगाडीसुद्धा १२ मायक्रोसेकंदांत निघून जाते. लहान वाघिणींचा मुख्य फायदाच उरला नाही. एवढ्या बाबतीत वेगाने खरोखर बाजी मारली.

पण काय घडले पाहा. ई-वन जुड्या इंटरनेटच्या जाळ्यातून नेण्याची पद्धत २००६ मध्ये आयईटीएफ ह्या संस्थेने प्रसिद्ध केली. तीत साधारणपणे २५६ बाइटांचा तुकडा वापरतात, म्हणजे सेकंदाला बरोबर १,००० तुकडे. वाघीण मोठी झाली, रूळ बदलले. टाकी मात्र आहेच, फिरता क्रमांक आहेच, हरवलेल्या मालाच्या जागी खोटा माल भरणे आहे, आणि दुसऱ्या टोकाचे घड्याळ जुळवण्यासाठी त्याच दोन वाटा आहेत: पातळी पाहा, नाही तर सामाईक घड्याळ वापरा. एटीएम गेले, प्रश्न घर बदलून राहायला गेला.

शिक्षकांना विनंती

म्हणून माझे म्हणणे असे आहे. जाळ्याविषयी आपण मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो: सेकंदाला किती बिट? त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न शिकवावेत. बिट केव्हा पोचतात, सारख्या अंतराने की गटागटाने? आणि कोणाच्या घड्याळाने? उद्या ह्याच मुलांपैकी कोणी वीजमंडळात, कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात यंत्रांची खरेदी करील. जाळे विकणारा त्याला वेगाचा आकडा सांगेल. उरलेले दोन प्रश्न त्याने स्वतःहून विचारले पाहिजेत. जो गुण तारेबरोबर फुकट मिळत होता तो आता मागून घ्यावा लागतो, आणि ज्याला त्याचे नावच ठाऊक नाही तो मागणार कसा?

ह्यासाठी महाग साहित्य लागत नाही. दोन साधी भिंतीवरची घड्याळे शाळेत शेजारी शेजारी टांगा, एकाच वेळी लावा आणि महिनाभर दर सोमवारी त्यांच्यातील फरक वहीत लिहा. फरकाचा आलेख काढा. तो बहुधा सरळ रेषेत वाढताना दिसेल. त्या रेषेच्या चढावरून दहा लाखांत किती चूक येते ते काढा.

मग तोटी असलेली एक बादली घ्या. एका विद्यार्थ्याने तिच्यात मिनिटाला सहा तांबे पाणी ओतावे, पण अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावे. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून बसावे, फक्त बादलीतील पातळी पाहावी आणि तोटी अशी फिरवावी की धार एकसारखी राहील व बादली ना भरून वाहील ना रिकामी होईल. पहिल्याने काही वेळाने, न सांगता, मिनिटाला सात तांबे ओतायला सुरुवात करावी. दुसऱ्याला ते किती वेळाने कळते? घाईने तोटी फिरवणारा आणि सावकाश फिरवणारा, ह्यांत कोणाची धार जास्त एकसारखी राहते? पाण्याची पातळी बदलली की तोटीतून येणारी धारही आपोआप थोडी बदलते, हे लक्षात ठेवूनच निरीक्षणे लिहा. आणि शेवटी तेच पाणी शाळेच्या झाडांना घाला. लातूरची आगगाडी पाहिलेल्या आपल्या मुलखात ते ओतून देणे बरे नव्हे.